सीताफळं, तांब्या आणि अर्धा पेरू

चौतीस वर्षं मी पिंपरीत नट-बोल्टांची चित्रं काढली.
समोरून, वरून, बाजूने,
आणि आतलं दिसत नाही तिथे तुटक रेघ.
चुकीला जागा किती, तेही कोपऱ्यात लिहायचो:
अधिक-उणे पाच शतांश मिलिमीटर.

आता धनकवडीत, मागच्या दारी,
मोरीच्या पाण्यावर आपोआप वाढलेल्या झाडाची
तीन सीताफळं पाटावर मांडून बसलोय.
हे झाड कोणी लावलं नाही.
कधीतरी कोणीतरी बिया थुंकल्या,
बहुतेक मीच.

मार्केट यार्डातली असती तर सोपं होतं.
ही म्हणजे एक फुगलेलं, एक तिरपं,
एकाच्या खाचांत पिठ्या ढेकणाचा कापूस,
मंदाने जुन्या टूथब्रशने घासूनही उरलेला.
शेजारी अर्धा पेरू.
दुसरा अर्धा पोपटाचा.
आणि तांब्या, कारण रविवारच्या वर्गातल्या गुजरबाई म्हणाल्या,
काहीतरी चकाकतं हवं.

पहिल्या दिवशी मी डोळे मोजले.
सवय.
डावीकडच्या फळाला, या बाजूने दिसतात ते, एकाहत्तर.
पेन्सिलने एकेक बसवत गेलो
आणि अठ्ठेचाळिसाव्याला फळ संपलं.
तेवीस डोळे हातात उरले.

संध्याकाळी मंदा आली,
तिन्ही अंगठ्याने दाबून पाहिली
आणि तांदळाच्या डब्यात पुरली.
अगं, मांडणी!
म्हणाली, मांडणी उद्या करा.
दगड राहिली तर कोण खाणार, तुमच्या बाई?

सकाळी तिनेच ती परत ठेवली,
तिच्या मते होती तश्शी.
तिरपं पुढे, फुगलेलं मागे,
पेरू भलत्याच कुशीवर,
तांब्या चिंचेने घासलेला,
त्याच्या पोटात आता खिडकी आणि तळजाईची अख्खी टेकडी.
एका खाचेत तांदळाचे दोन दाणे.
कंपनीतला तक्रारीचा छापील कागद असता तर भरलाच असता.
पण हे बरं दिसत होतं.
चित्राचा कागद उलटा केला, पाठकोरा,
पुन्हा सुरू.

बाटलीतला हिरवा नुसता चालत नाही.
त्यात पिवळी माती, थेंबभर जांभळा.
सावलीत काळा घालायचा नाही, बाईंची ताकीद.
मग सावलीत असतं काय?
बघा की, म्हणाल्या,
तुम्ही ओळखीवर रंगवता.
बघितलं.
ऑक्टोबरच्या उन्हात पाटावर निळसर काहीतरी पडलं होतं,
शाळेच्या सदऱ्यावरचा शाईचा डाग
चार धुण्यांनंतर असतो तसं.

तिसऱ्या दिवशी खाचा फाकल्या.
रात्रीतून, तांदळाच्या उबेत.
डोळ्याडोळ्यांमधून फिकट गुलाबी रेघ वर आली,
कालच्या कागदावर नसलेली.
डोळे उघडले हो, मंदा म्हणाली,
म्हणजे फळाचे,
आणि ताटली आणायला वळली.

दहा मिनिटं दे, मी म्हटलं.
चौतीस वर्षांत अशी मागावी लागली नव्हती.
नट थांबतो. बोल्ट थांबतो.
तिने सहा दिली.

त्या सहांत ब्रश धुतला नाही, मोजलं नाही,
गुलाबी ओल्या हिरव्यात घुसला,
जायचं नव्हतं तिथेही गेला,
मी बघत राहिलो आणि हात चालत राहिला.

मग खाल्ली.
तिरपं सगळ्यांत गोड निघालं,
कापूसवालं थोडं रवाळ, पण गेलं.
ताटलीत बिया टकटक पडत होत्या.
कागद वाळेपर्यंत पाटावर तांब्या एकटा
आणि पेरूवर मुंग्या.

बाई म्हणाल्या, मधलं फळ बिघडलंय,
पण तेच खावंसं वाटतंय.
मंदा चष्मा लावून जवळ गेली.
बाकी काही बोलली नाही,
खाचेतल्या त्या दोन दाण्यांवर बोट ठेवलं:
आपला आंबेमोहोर एवढा लांब नसतो.

डब्यातून एक दाणा काढून
मी पट्टीवर धरला.
बरोबर आहे तिचं.